अवसेची संकष्टी

१ नोव्हेंबर १९४३, सोमवार. सातारा.

नोकरीत असताना रोज डायरी लिहावीच लागे. कोणत्या गावी किती मुलांना देवी टोचल्या, किती मुले आईच्या पदराआड लपली, किती घरांनी दार लावून घेतले, सगळे वरच्या साहेबाकडे जायचे. पेन्शन घेतली तेव्हा वाटले, सुटलो. पण हाताची सवय जात नाही. आजपासून ही डायरी माझी, आणि साहेबही मीच.

विषय एकच, पोट. लढाईआधी रुपयाला दोन-अडीच पायल्या ज्वारी येत होती, आता रुपया दाखवून पायली मागितली तरी वाणी तोंड फिरवतो. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाल्यापासून कंट्रोलच्या दुकानात कार्डावर मिळतो तो खड्यांसकट. साखर औषधासारखी चिमटीने मिळते. रस्त्यात माणसे भेटली की पूर्वी प्रकृती विचारायची, हल्ली भाव विचारतात.

माझे मत असे की लोक महागाईने हैराण नाहीत, अज्ञानाने आहेत. मी सारा जिल्हा पायाखाली घातला आहे, जतपर्यंत जाऊन आलो आहे. तिकडे धनगरांची पोरे ज्वारी आणि हुलगे खाऊन घट्ट झालेली पाहिली, आणि इथे पेठेत वकिलांची पोरे तूपभातावर पिवळी पडलेली पाहिली. तेव्हा ठरवले, घरात भात बंद. भाकरी, हुलगे, शेंगदाणे, पालेभाजी आणि गूळ. तीन महिने प्रयोग करायचा.

प्रयोगाला कारणही तसेच आहे. दिवाळीला शकुंतला सांगलीहून येऊन गेली. तिला सहावा लागला आहे. गेल्या साली तिचे एक तिसऱ्या महिन्यात गेले, तेव्हापासून अंगात रक्त नाही. माघात बाळंतपण, ते माहेरी व्हायचे. आमच्या कार्डावर नावे दोन, ती आली की तोंडे तीन होणार. जावई हरी गुणी आहे, हळदीच्या पेढीवर कारकून आहे, पण सांगली पडली संस्थानात आणि आपण इंग्रजी मुलुखात. धान्य हद्दीपलीकडे नेऊ देत नाहीत, नाक्यावर पिशव्या उलट्या करतात. पोरीला इथे काय घालायचे, हा प्रश्न आहे.

अनसूयेला सगळे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुम्ही म्हणाल ते रांधते. मी मात्र आजपासून सोमवार धरलेत. शकूचं नीट होऊ दे म्हणून." या उपासांचा मला मनस्वी कंटाळा आहे. पण आमच्या घरात पंचांग तिचे आणि थर्मामीटर माझे, असा लग्नापासूनचा करार आहे. कोणी कोणाच्या वस्तूला हात लावत नाही.

संध्याकाळी चांदसाहेबाच्या लाकडाच्या वखारीत जाऊन मोठ्या काट्यावर बसलो. भरलो दीड मण. चांदसाहेब म्हणाला, "डाक्तर, ओंडका वाळलेला हाय. वल्ला असता तर जरा भरला असता." त्याच्या सगळ्या मुलांना मीच देवी टोचल्या. बाकीचे लोक मला देवी डॉक्टर म्हणतात, तो नुसते डाक्तर म्हणतो, म्हणून त्याची थट्टा चालवून घेतो. दर महिन्याला इथेच वजन करायचे ठरवले.

५ नोव्हेंबर, शुक्रवार.

हुलग्याचे माडगे केले होते, वर लसणीची फोडणी. दोन वाट्या घेतल्या, तिसरी तिने न विचारता ओतली. शेजारचे वकील म्हणतात हुलगा हा घोड्याचा खुराक आहे. म्हटले, घोडा कधी आजारी रजेवर गेलेला पाहिला आहे का?

अनसूयेची एकच हरकत. "शकूला काय हुलगे घालणार? बाळंतिणीला मऊ भात लागतो, वर तूप लागतं." तिला सांगितले की गिरणीत पांढऱ्या केलेल्या तांदळात काही उरत नाही, सगळा कस कोंड्यात जातो. ती म्हणाली, "बरं." तिच्या 'बरं'चा अर्थ मला अजून कळलेला नाही. कारण कार्डावरचा तांदूळ ती दर आठवड्याला उभी राहून घेऊन येतेच. खायचा नाही तर आणतेस कशाला, विचारले. म्हणाली, "हक्काचा आहे, सोडायचा कशाला?" काळ्या बाजारात विकत तर नाहीस ना, म्हणून मी थट्टा केली. ती हसली नाही.

१५ नोव्हेंबर, सोमवार.

आज सोमवार आणि संकष्टी एकदमच आली. एका उपासात दोन देव उरकले, काटकसर याला म्हणतात. रात्री चंद्र उगवल्यावर तिने नैवेद्य दाखवला आणि जेवली. मी जागा होतो. अर्धी भाकरी आणि ताक. म्हटले, दिवसभर उपाशी राहून एवढेच? म्हणाली, "भूक मरते हो." शास्त्राप्रमाणे ते खरे आहे.

आता गुरुवारही धरला आहे, दत्ताचा. पूर्वी उपासाला साबुदाणा तरी व्हायचा. मलायातून यायचा तो, जपान्यांनी तोही बंद केला. ती चहावर राहते, गुळाच्या.

२० नोव्हेंबर, शनिवार.

कोरेगावच्या बाजूची बनुबाई पालेभाजी घेऊन दारावर येते. आज मी आत वाचत बसलो होतो आणि ती बाहेर अनसूयेशी बोलत होती. "लय वाळली की ओ," असे दोन-तीनदा म्हणाली. मग आवाज खाली गेला. मला वाटले, वाळलेली भाजी आज गळ्यात मारते आहे. दुपारी ताटात पाहतो तर मेथी हिरवीगार, कोवळी. बाईला स्वतःच्या मालाची पारख नाही.

आणखी एक गंमत. भाजी संपवून माणसाची पाटी हलकी व्हावी. बनुबाई आमच्या दारातून जाते तेव्हा तिची पाटी येतानाइतकीच जड दिसते. तिने डोक्यावर घेतली तेव्हा मान लचकली. वय झाले तिचेही.

भाकरी हल्ली तीन खातो. धान्य पुरते आहे, कमी पडत नाही. लोक उगाच ओरड करतात, खाण्याची शिस्त नाही हे खरे कारण.

२७ नोव्हेंबर, शनिवार.

आज अवस. गाडीवान अवसेला बैल जुंपत नाहीत, त्यामुळे चांदसाहेबाच्या वखारीत लाकडाची गाडी आली नाही आणि आम्हाला ओल्या ढलप्या मिळाल्या. दिवसभर घरात धूर. बैलांना रजा असावी याला माझा विरोध नाही, पण ती चंद्राने द्यावी हे विचित्र आहे.

रात्री ताट एकच वाढलेले. म्हणाली, "आज संकष्टी आहे. चंद्र उगवला की जेवीन, तुम्ही घ्या." संकष्ट्या हल्ली फार जवळजवळ येऊ लागल्या आहेत, देवांच्याही मागण्या भावाबरोबर वाढतात की काय कोण जाणे. माझे जेवण झाल्यावर मी दोनदा अंगणात जाऊन पाहून आलो. आकाश स्वच्छ, चांदण्या लखलखीत, चंद्राचा पत्ता नाही. आत येऊन म्हटले, "काही लक्षण दिसत नाही." ती म्हणाली, "मग राहू दे. चंद्र नाही तर जेवण नाही." पाणी प्याली आणि निजली. तिची भाकरी उद्यासाठी झाकून ठेवावी म्हणून परातीत पाहिले, तर तिने थापलेलीच नव्हती. खगोलात मला गती नाही.

६ डिसेंबर, सोमवार.

दीड मण दोन शेर. काटा दोनदा लावून घेतला. भात नाही, साखर नाही, तूप नाही, आणि वजन वाढले. याहून मोठा पुरावा कोणता? चांदसाहेबाला म्हटले, पाहा, शास्त्र. तो म्हणाला, "शास्त्र असंल. पर वैनी काय खात्यात?" म्हटले, तिचे काय, आठवड्यात तीन दिवस उपास. आता शनिवारही धरला आहे, मारुतीचा. चांदसाहेब वजने उतरवत म्हणाला, "आमचा रोजा वर्सातनं एक म्हैना. वैनींचा बारा म्हैने चाललाय जणू." दोघेही हसलो.

घरी येऊन अनसूयेला वजन सांगितले. तिचा चेहरा एकदम खुलला. इतक्या मनापासून ती माझ्या शास्त्रावर प्रथमच खूश झालेली पाहिली.

१७ डिसेंबर, शुक्रवार.

जोराचे भांडण झाले. हरीचे पत्र आले होते, शकूला कधी आणून सोडू म्हणून. मी म्हटले, बाळंतपण सांगलीतच करू. तिथे तिचे नाव कार्डावर आहे, इथे नाही, सरळ हिशेब. अनसूया चुलीपाशी बसली होती, ती उठून उभी राहिली आणि भिंतीला हात टेकून म्हणाली, "पोर पहिल्या खेपेला आईकडेच येणार. तिच्यापुरतं होईल. तुम्ही काळजी करू नका." कुठून होईल, विचारले. "होईल म्हणाले ना." देव देईल या भरवशावर संसार चालत नाही, असे मी बोललो. जरा जास्तच बोललो. ती म्हणाली, "मी देवाचं नाव कुठं काढलं?"

शेवटी मीच माघार घेतली आणि संक्रांतीनंतर आणा असे हरीला कळवले. पण मनातून धास्ती वाटते. आलेल्या पोरीला आपण पोटभर घालू शकलो नाही तर मी बाप कसला?

दुसरी कटकट म्हणजे तिच्या बांगड्या. पूर्वी त्या मनगटावर गप्प असत. हल्ली भाकरी थापताना कोपरापासून मनगटापर्यंत घसरत येतात आणि फार वाजतात. वाचताना लक्ष लागत नाही. सांगितले तेव्हा तिने त्यांना दोरा गुंडाळला.

२९ डिसेंबर, बुधवार.

सकाळी आडावर पाणी शेंदताना अनसूया खाली बसली. मी धावलो. म्हणाली, "काही नाही, थंडीनं गारठले." थंडी आहे खरी, अजिंक्यताऱ्यावरून वारे येते ते कानात घुसते. तिला शेंगदाणे आणि गूळ खायला सांगितले, त्याने उष्णता वाढते. "हो खाते," म्हणाली. दुपारी शेंगदाण्याचा लाडू माझ्याच ताटात आला. म्हणाली, दोन केले होते, तिने आधीच खाल्ला.

ती सडपातळ झाली आहे. चोळ्या उसवून पुन्हा शिवत बसते. चाळिशीनंतर बायका सुटतात, हिचे उलट आहे. माझ्या आहाराचा स्त्रियांवर हा वेगळा परिणाम दिसतो, तो नोंदवून ठेवतो.

४ जानेवारी १९४४, मंगळवार.

काल दीड मण साडेचार शेर भरलो.

आज क्षमाताई घरी आल्या होत्या. शेजारच्या वकिलांच्या पत्नी, पेठेतल्या बायकांचे मंडळ चालवतात. संक्रांतीचे हळदीकुंकू सोळा तारखेला, रविवारी, त्यांच्याकडे आहे. म्हणाल्या, "या वर्षी तीळ महाग, गूळ महाग, वाण लुटायला काही राहिलं नाही. तेव्हा म्हटलं, तुमच्या चार गोष्टी तरी लुटू. महागाईत काय खावं यावर बोला." मला फार आनंद झाला. आयुष्यभर लोकांची मुले धरून टोचली, कोणी आपणहून ऐकायला बोलावले नव्हते.

अनसूया चहा देऊन गेली तेव्हा क्षमाताई तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या. गुळाचा चहा त्यांना आवडला नसावा.

१३ जानेवारी, गुरुवार.

भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आणि भाजीत वांगी, हरभरा, गाजर, घेवडा, सगळे एकत्र. सणांमध्ये हा एक सण मला पटतो, कारण हा खाण्याचा सण आहे आणि त्यातला प्रत्येक पदार्थ कामाचा आहे. आज तरी दोघांची ताटे असतील असे धरून बसलो, तर अनसूया म्हणाली, "माझा गुरुवार आहे."

बनुबाई पावटा द्यायला आली होती, तिने दारातूनच ऐकले. "आवं आत्ती, भोगीला कोन उपास धरतं व्हय? द्येव तरी काय म्हनंल?" असे म्हणाली आणि माझ्याकडे अशी पाहू लागली की जणू मीच काही केले आहे. मी म्हटले, मला विचारू नकोस, मी याच्या विरुद्धच आहे. तिने पावटा सुपात ओतला. पावट्याचे काही घेतलेही नाही.

उपासाच्या वेडावर रविवारी चांगले बोलतो.

१६ जानेवारी, रविवार.

क्रमाने लिहितो, नाहीतर लिहिता येणार नाही.

क्षमाताईंच्या माडीवर पेठेतल्या चाळीस-पन्नास बायका होत्या. अनसूया मागे भिंतीशी बसली होती. मी बोलायला उभा राहिलो आणि चांगला बोललो. हुलगा, शेंगदाणा, शेवग्याचा पाला, हातसडीचा तांदूळ, कोणत्या पदार्थात काय आहे आणि दमडीला किती पडते, सारे सांगितले. माझे वजन सांगितले. बायका हसल्या. एकजण म्हणाली, "दिसतंय हो," आणि पुन्हा हसल्या. मलाही रंग चढला.

मग उपासावर आलो. म्हटले, एका बाजूला धान्य मिळत नाही म्हणायचे आणि दुसऱ्या बाजूला असलेले खायचे नाही, याला काय म्हणावे? आमच्या घरचेच उदाहरण सांगतो. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादश्या, उरलेल्या दिवसांत संकष्टी. अहो, मागे एकदा तर गंमत झाली. संकष्टीला चंद्रच उगवला नाही. मी दोनदा अंगणात जाऊन बघून आलो. घरात ओल्या लाकडांचा धूर, कारण वखारीत गाडी आलेली नव्हती, आणि ही चंद्रासाठी उपाशी बसलेली. शेवटी बिचारी तशीच निजली.

पुढे बसलेल्या बायका हसत होत्या. क्षमाताईंनी विचारले, "गाडी का आली नव्हती?"

म्हटले, अवस होती ना, अवसेला बैल जुंपत नाहीत.

हसणे थांबले. एकदम नाही, पुढून मागे थांबत गेले. मला वाटले, त्यांना नीट ऐकू गेले नाही, म्हणून पुन्हा म्हणालो, अवस होती. एका बाईने डोळ्याला पदर लावला. एक म्हातारी मान खाली घालून तीळगुळाची वाटी फिरवत बसली. सगळ्यांना कळले होते आणि मी उभा होतो.

मग मला कळले. अवसेला संकष्टी कशी असेल? संकष्टी कृष्ण चतुर्थीला, हे लहान पोरालाही ठाऊक आहे, मलाही ठाऊक होते. मी अनसूयेकडे पाहिले. ती माझ्याकडे बघत नव्हती. बांगड्या कोपराकडे सारत होती.

पाणी मागितले आणि बसलो. क्षमाताई निरोप देताना जिन्यात हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, या माडीवरच्या कितीजणींनी या वर्षी नवे वार धरलेत, ते विचारू नका."

घरी आल्यावर तिला दारातल्या उजेडात बसवले आणि अंगठ्याने डोळ्याची पापणी खाली ओढली. आतून पांढरी होती. अशा पापण्या मी दुष्काळात जतकडे पाहिल्या आहेत आणि त्यांच्यापुढे 'अशक्त' असे लिहून पुढच्या घरी गेलो आहे. गावोगावच्या पोरांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि घरातली एक राहिली. मला भयंकर लाज वाटली. अजून वाटते आहे.

१७ जानेवारी, सोमवार.

आज तिने भाकरी खाल्ली. मी समोर बसून राहिलो म्हणून खाल्ली. पुरुषासमोर बसून जेवायची तिला सवय नाही, घास तोंडाशी नेताना मान वळवत होती. अर्धी झाल्यावर "पुरे" म्हणाली. म्हटले, देवी डॉक्टरचा हुकूम आहे, सरकारात कळवावे लागेल. तेव्हा उरलेली खाल्ली.

मग तिने फळीवरच्या पितळी डब्यांमागून एकेक काढून दाखवले. पुरचुंड्या, कडुनिंबाचा पाला घातलेले मडके. सगळा कार्डावरचा तांदूळ, निवडलेला, एकही खडा नाही. थोडे गहू. डिंक. गुळाची अर्धी ढेप. आणि बरणीत तूप, वीतभर. तूप कुठून आले, विचारले. म्हणाली, "बनुबाईच्या म्हशीचं. तिच्या घरी ज्वारी नाही, माझी तिला देत होते." म्हणजे तिच्या वाटणीची ज्वारी. जड पाटी ती होती.

"मला का नाही सांगितलंस?" म्हटले.

"सांगितलं असतं तर तुम्ही अर्धी भाकरी बाजूला ठेवली असतीत. मग शकू येईपर्यंत दोघंही वाळलो असतो. एकाला तरी धड राहायला नको?" मग डबे पुन्हा जागेवर लावत म्हणाली, "तुम्ही वजन सांगायला यायचात तेव्हा बरं वाटायचं."

मी रागावून म्हटले, पण देवाच्या नावावर खोटे बोललीस. ती म्हणाली, "खोटं काय बोलले? चंद्र नाही तर जेवण नाही म्हणाले. तुम्हीच दोनदा जाऊन बघून आलात."

२४ जानेवारी, सोमवार.

काल शकुंतला आली. हरी सातारा रोड स्टेशनपासून तिला टांग्याने घेऊन आला आणि त्याच टांग्याने परत गेला. आल्याबरोबर तिने आईला पाहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तात्या, आईला काय झालं होतं?" काय सांगणार? म्हटले, "तुझ्या आईला उपास फार झाले, आता बंद केलेत."

रात्री मऊ भात केला, वर तूप. भातात काही नाही हे माझे मत अजून कायम आहे. पण शकू बोटे चाटून खात होती आणि अनसूया तिच्याकडे बघत होती, तेव्हा मी गप्प बसलो. मग तिच्या ताटाशेजारी आमची दोघांची ताटेही मांडायला लावली. अनसूया म्हणाली, मी मागून बसते. म्हटले, मागून बसणाऱ्यांचा काय हिशेब असतो तो मला कळला आहे.

भाकऱ्या दुरडीत मधे ठेवून सगळ्यांना दिसतील अशा वाटायच्या, असा नियम केला. भूक लागते. दोन भाकऱ्यांवर उठताना पोट कुरकुरते. नव्या आहाराने भूक भागते, असे मी माडीवर ठणकावून सांगितले होते, ते तिच्या भाकरीच्या जोरावर.

२२ फेब्रुवारी, मंगळवार.

गेल्या मंगळवारी शकुंतला बाळंत झाली. मुलगी. दोघी ठीक आहेत. सुईणीने पोर हातावर तोलून "चांगली भरीव हाय" म्हटले, तेव्हा अनसूया चुलीमागे जाऊन रडली. मीही रडलो, पण ओसरीवर.

हल्ली सकाळी उठल्यावर मी आधी पंचांग पाहतो. खुंटीवरून काढून माझ्या टेबलावर ठेवले आहे, थर्मामीटरशेजारी. शेजारचे वकील सांगत सुटले आहेत की नात झाल्यापासून डॉक्टर धार्मिक झाले. सांगू देत. तिथी तपासल्याशिवाय आमच्या घरात आता कोणाला उपास करता येत नाही.

आज अनसूया म्हणाली, "महाशिवरात्र आहे, आजचा तरी धरू द्या." पंचांग उघडले. माघ वद्य चतुर्दशी, खरीच होती. मंजूर केला, एका अटीवर. ती रताळी उकडून माझ्यासमोर बसली आणि मान न वळवता खाल्ली. बांगड्यांचा दोरा परवाच काढला आहे, आवाज येतो. वाचताना लक्ष लागत नाही, पण सांगितले नाही.

संध्याकाळी वखारीत गेलो. प्रयोगाची मुदत कधीच संपली, शेवटचे वजन राहिले होते. चांदसाहेबाने वजने चढवली, मग एकेक उतरवली, पुन्हा पाहिले.

"साडेतीन शेर घटलं की, डाक्तर. आजारी हाय का?"

"नाही."

"मग कुठं सांडलं?"

"सांडलं नाही," मी काट्यावरून उतरत म्हटले, "घरातच आहे."